मुसीचा महापूर : १९०८
२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हाहाकार उडविला. हजारो नागरिक प्राणांस मुकले. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक मात्र बचावले. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले.

निजाम सरकारने १९०९ मध्ये पाचारण केलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी शहराच्या वरच्या अंगास पूर अडविणारे जलाशय सुचविले. त्यातूनच उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) साकार झाले.

भय ओसरताच नदीपात्रात वस्ती वाढली. दोन्ही धरणे असूनही ऑक्टोबर २०२० मध्ये मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पात्र मोकळे राखावे आणि पाणी चढू लागताच उंच जागा गाठावी, हा १९०८ चा धडा आजही तितकाच खरा आहे.