चंडीगड : न्यायालये, पोलीस आणि मोफत विधी साहाय्य

चंडीगड ही पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे. मात्र हे शहर या दोहोंपैकी कोणत्याही राज्यात मोडत नाही. पंजाब पुनर्रचना अधिनियमान्वये १ नोव्हेंबर १९६६ रोजी ते केंद्रशासित प्रदेश झाले. सुमारे ११४ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १० लाख ५५ हजार होती. एका बाजूस पंजाबातील मोहाली, तर दुसऱ्या बाजूस हरियाणातील पंचकुला ही शहरे त्याला लागूनच आहेत. घर मोहालीत, नोकरी चंडीगडमध्ये आणि नातलग पंचकुल्यात, अशी स्थिती येथे सर्रास आढळते. रस्ता ओलांडताच पोलीस दल आणि जिल्हा न्यायालय बदलते. त्यामुळे दाद कोठे मागायची, हा प्रश्न येथील रहिवाशांना आणि शिक्षण, नोकरी वा उपचारांसाठी बाहेरून येणाऱ्यांना वारंवार पडतो.

न्यायालयांची रचना

फाळणीपूर्वी या प्रांताचे उच्च न्यायालय लाहोर येथे होते. १९४७ नंतर ते सिमल्यात आणि १९५५ मध्ये चंडीगडमध्ये आले. ल कार्बुझिए यांनी आराखडा केलेली सेक्टर १ मधील त्याची इमारत ज्या कॅपिटॉल संकुलात आहे, त्याचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पंजाब, हरियाणा आणि चंडीगड या तिहींसाठी हे एकच उच्च न्यायालय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्राबरोबरच गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव येतात, तसाच हा प्रकार आहे. मात्र मुंबईप्रमाणे अन्य शहरांत खंडपीठे नसल्याने दूरच्या जिल्ह्यांतील पक्षकारांनाही चंडीगडलाच यावे लागते.

सर्वसामान्य रहिवाशाचा संबंध प्रथम येतो तो सेक्टर ४३ मधील जिल्हा व सत्र न्यायालयाशी. दिवाणी दावे, कौटुंबिक वाद, धनादेश न वटल्याची प्रकरणे आणि फौजदारी खटले येथे चालतात. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांची सुनावणी सत्र न्यायाधीशांपुढे होते. इतर बहुतांश खटले न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात.

पोलीस आणि प्रथम खबर

महाराष्ट्रात पोलीस दल राज्याच्या गृह विभागाच्या अखत्यारीत असते. चंडीगडचे पोलीस प्रशासकांमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियंत्रणाखाली काम करतात. १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच चंडीगडचे प्रशासक म्हणून काम पाहतात. पोलीस महासंचालक हे दलाचे प्रमुख असतात. तातडीच्या मदतीसाठी ११२, आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३०, तर महिलांसाठी १८१ हे देशव्यापी क्रमांक आहेत.

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे अमलात आले. ३ डिसेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी चंडीगडमध्ये या कायद्यांची अंमलबजावणी राष्ट्राला समर्पित केली. त्यांची पूर्ण अंमलबजावणी करणारे चंडीगड हे देशातील पहिले प्रशासकीय क्षेत्र असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

तीन हद्दी एकत्र येणाऱ्या या शहरात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ विशेष महत्त्वाचे ठरते. त्यानुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. पंचकुल्यात लुटला गेलेला इसम चंडीगडच्या ठाण्यात आला, तर ‘ही आमची हद्द नाही’ असे सांगून त्याला परत पाठवता येत नाही. नोंदवलेले प्रकरण नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. खबर देणाऱ्यास प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तक्रारदारास कळवणेही पोलिसांवर बंधनकारक आहे.

ठाण्याने नोंद नाकारल्यास तक्रारीचा तपशील लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो. चंडीगडमध्ये हा अधिकार वरिष्ठ पोलीस अधीक्षकांकडे आहे. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो.

मोफत वकील कोणाला मिळतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मधील तत्त्वानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. चंडीगडमध्ये या कायद्याखाली राज्य विधी सेवा प्राधिकरण कार्यरत आहे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे वा आपत्तीचे बळी आणि कोठडीतील व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. या गटांसाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी मात्र ठरावीक उत्पन्नमर्यादा आहे. कमावत्या महिलेलाही हा हक्क आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. माहितीसाठी १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

लोकअदालतीत तडजोड झाल्यास भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि निवाड्यावर अपील करता येत नाही. म्हणून स्वाक्षरीपूर्वी अटी नीट समजून घेणे आवश्यक असते. वीज, पाणी, टपाल, वाहतूक, विमा, रुग्णालय अशा सेवांबाबतचे वाद खटला भरण्यापूर्वी स्थायी लोकअदालतीकडे नेता येतात. तडजोड न झाल्यास ती प्रकरणाचा गुणवत्तेवर निकालही देऊ शकते.

वस्तू वा सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो वा नोकरी करतो त्या ठिकाणीही तक्रार दाखल होते. त्यामुळे मोहालीत खरेदी केलेल्या सदोष वस्तूबद्दल चंडीगडच्या रहिवाशाला आपल्याच शहरात दाद मागता येते. तक्रारीची मुदत मात्र साधारणतः दोन वर्षांची असते.

प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो हाती असल्यास ई-कोर्ट्स सेवेवर पुढील तारीख आणि आदेश घरबसल्या पाहता येतात. परगावी राहणाऱ्या पक्षकाराची केवळ तारीख विचारण्यासाठी होणारी चंडीगडची फेरी त्यामुळे वाचू शकते.