संताजींच्या वह्या आणि कारखान्यातली पेटी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा इतिहास बहुधा दोन निरनिराळ्या पुस्तकांत लिहिला जातो. एका पुस्तकात चिंचवडचे मोरया गोसावी, देहूचे तुकोबा आणि चाकणचे संताजी जगनाडे असतात. दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून होते. १९६२ मध्ये आलेले औद्योगिक विकास महामंडळ, भोसरी-आकुर्डीचे कारखाने असे टप्पे घेत ते चाकणच्या मोटार-कारखान्यांपाशी संपते. पहिले पुस्तक मराठीच्या प्राध्यापकांनी वाचावयाचे आणि दुसरे अर्थशास्त्राच्या, अशी वाटणीही आपण मुकाट्याने करून टाकली आहे. या दोन्ही पुस्तकांना समान असलेला एक प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे. लिहिलेले ठेवावे कोठे, आणि ते टिकवावे कोणी?

या प्रश्नाचे आजचे उत्तर भोसरी, तळवडे, चिखली येथल्या अनेक लहान कारखान्यांच्या कचेरीत, टेबलाखाली किंवा कपाटावर, दिवे लुकलुकवीत बसलेले असते. ती एक लहानशी पेटी असते. आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, एक साधा प्रोसेसर आणि बहुधा लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली. केबलने ती कचेरीतल्या जाळ्याला जोडलेली असते आणि प्रत्येक संगणकावर ‘झेड ड्राइव्ह’ किंवा अशाच एखाद्या नावाने उमटते. सुट्या भागांची ड्रॉइंगे, सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅम, तपासणीचे अहवाल, बिले सारे तिच्यात. हिला नेटवर्क स्टोरेज किंवा थोडक्यात ‘नॅस’ म्हणतात. प्राधिकरणातल्या घरांतही आता ती दिसू लागली आहे. तेथे तिच्यात लग्नाची छायाचित्रे आणि मुलांच्या प्रकल्पांच्या फाइली असतात. ही वस्तू नवी आहे यात शंका नाही. परंतु तिच्यामागची व्यवस्था आणि तिच्यामागचा भ्रम हे दोन्ही जुने आहेत.

१. घरातले दप्तर

‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसी-अरबीत तो ग्रीक भाषेतल्या चामडे या अर्थाच्या शब्दापासून आला असे कोशकार सांगतात. मराठीत त्याचे अर्थ पसरत गेले: कागदांचा गठ्ठा, ते ठेवण्याची जागा, तेथे चालणारा कारभार आणि शेवटी शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की गावचे दप्तर बहुतेक ठिकाणी कुळकर्ण्याच्या घरातच असे. घर आणि कचेरी ही विभागणी तेव्हा नव्हती. ज्या वाड्यात स्वयंपाक होई त्याच वाड्यात जमिनीचे, वसुलीचे, वतनाचे कागद रुमालात बांधून ठेवलेले असत. ‘लहान कचेरी किंवा घर’ हा आजच्या विक्रेत्यांचा शब्दप्रयोग कुळकर्ण्याच्या वाड्याला तंतोतंत लागू पडतो.

तरीही ते दप्तर एकटे नव्हते. गावचा हिशेब कुळकर्णी ठेवी, परगण्याचा देशपांडे ठेवी आणि वरचा हुजूर दप्तरात राही. तंटा उपस्थित झाला की एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणच्या कागदाशी ताडून पाहता येई. चिंचवडच्या देव घराण्याला छत्रपती आणि पेशवे यांच्या काळात इनामे मिळाली. त्या घराण्याचा आणि राज्यसत्तेचा संबंध लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तपासला. असा अभ्यास शक्य होतो तो सनदा, हिशेब आणि सरकारी नोंदी एकाहून अधिक जागी उरल्या म्हणूनच.

या कागदांची किंमत किती होती हे १८५२ च्या अकराव्या कायद्याने दाखवून दिले. त्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना ‘कागद दाखवा’ असे सांगण्यात आले. ज्यांना तो दाखवता आला नाही, त्यांपैकी अनेकांची इनामे गेली. वाळवीने खाल्लेला कागद म्हणजे केवळ आठवणीचा नाश नव्हे, हक्काचाही नाश, हे त्या पिढीला कळून चुकले.

आज याच पट्ट्यातला लहान कारखानदार वेगळ्या कमिशनपुढे उभा असतो. मोठ्या वाहन-कारखान्याचा लेखापरीक्षक येतो आणि अमुक तुकडीतल्या अमुक भागाच्या तपासणीची नोंद मागतो. वाहन-उद्योगाच्या ‘आयएटीएफ १६९४९’ या गुणवत्ता-मानकानुसार भागाला दिलेल्या मंजुरीच्या आणि त्याच्या रचनेच्या नोंदी तो भाग उत्पादनात व सेवेत असेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष जपाव्या लागतात. नोंद सापडली नाही तर पुढचे काम धोक्यात येते. ‘कागद दाखवा’ ही मागणी तीच आहे.

२. गाथेच्या प्रती

संताजी जगनाडे हे चाकणचे. जातीने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग त्यांनी वह्यांत उतरून घेतले. कडूसचे गंगाराम मवाळ यांचेही नाव परंपरा याच कामासाठी घेते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या ही कथा सर्वश्रुत आहे. श्रद्धावान तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहतात. तिचा दुसरा अर्थही वारकरी समाजात पूर्वीपासून सांगितला जातो: वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या मुखी आणि लोकांच्या वह्यांत होतेच. नदीने एक प्रत घेतली. गाथा घेण्यासाठी तिला देहूपासून पंढरपूरपर्यंत सारी घरे बुडवावी लागली असती.

मुद्रणाच्या काळात याचा पुरावा हाती आला. १८६९ मध्ये सरकारी साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची जी आवृत्ती निघू लागली, तिच्या संपादनासाठी विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या पाहिल्या. पंढरपूर सोडले तर ही सारी गावे आजच्या औद्योगिक पट्ट्याच्या आत किंवा त्याच्या वेशीवर आहेत. पुढे ठाण्याचे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ १९१९-२० मध्ये प्रसिद्ध केला. वह्या लिहिल्या गेल्याला तोवर अडीचशेहून अधिक वर्षे झाली होती. एवढा काळ त्या कोणत्या संस्थेने जपल्या नव्हत्या, घराने जपल्या होत्या.

मात्र प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगावयास नको. कारखान्यातही नेमके हेच घडते. ड्रॉइंगची एक प्रत मालकाच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक यंत्रापाशी चिकटवलेली. ग्राहकाने एका छिद्राचे माप बदलले, बदल एकाच प्रतीत झाला आणि पाचशे भाग जुन्या मापाने कापले गेले. तेथे पाठभेदाची तळटीप देऊन भागत नाही, माल भंगारात जातो. म्हणून कारखान्याला एकच प्रमाण संहिता हवी असते आणि ती सर्वांना एकाच जागी दिसावी लागते. नॅसचे खरे कार्य हेच. ती पेटी मूलतः संपादक आहे, संरक्षक नव्हे. हा भेद विसरला जातो आणि तेथूनच अनर्थ सुरू होतो.

३. पेटीची वंशावळ

एका यंत्रावरच्या फाइली दुसऱ्याला आपल्याच असल्यासारख्या दिसाव्यात ही कल्पना १९८० च्या दशकात आकाराला आली. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ‘एनएफएस’ ही पद्धत आणली. त्याच सुमारास आयबीएममध्ये ‘एसएमबी’ ही पद्धत जन्मली आणि पुढे ती विंडोजची बोली झाली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्या बोलीचे व्याकरण बाहेरून अभ्यासून ‘सांबा’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले. त्यामुळे लिनक्सवर चालणारी स्वस्त पेटीही विंडोजच्या संगणकांशी बोलू लागली. महागड्या सर्व्हरची जागा टेबलाखालच्या पेटीने घेतली त्यामागे हे दुभाष्याचे काम आहे.

दुसरा पूर्वज १९८८ चा. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात अनेक स्वस्त डिस्का एकत्र बांधून विश्वासार्ह साठवण करण्याची ‘रेड’ ही रीत मांडली. तिच्या सर्वांत साध्या रूपात दोन डिस्कांवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क मेली तरी दुसरी काम चालू ठेवते आणि मेलेलीच्या जागी नवी बसवता येते.

येथेच भ्रमाचे मूळ आहे. दोन डिस्का म्हणजे दोन प्रती असे वाटते. वास्तविक दुसरी डिस्क हा पहिलीचा आरसा आहे. चुकून फोल्डर पुसला तर तो त्याच क्षणी आरशातूनही जातो. पेटी चोरीस गेली, शेडमध्ये पाणी शिरले, वीज कडाडून पुरवठ्याचा भाग जळाला, तर दोन्ही डिस्का एकाच नशिबाच्या धनी. संताजींची वही ही आरसा नव्हती. ती दुसऱ्या घरात होती, दुसऱ्या हातची होती आणि मूळ वहीचे काय झाले याची तिला बाधा नव्हती.

खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या काळात हा भेद जीवनमरणाचा झाला आहे. एका संगणकात शिरलेले असे सॉफ्टवेअर ‘झेड ड्राइव्ह’लाही आपलीच डिस्क समजते आणि तेथल्या फाइली कुलूपबंद करते, कारण ती डिस्क आपली वाटावी हाच तर त्या पेटीचा हेतू होता. २०२१ च्या आरंभी पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सत्तावीस सर्व्हरांवर असा हल्ला झाला आणि मार्चमध्ये त्याची फिर्याद पोलिसांत गेली. एवढ्या मोठ्या यंत्रणेचे जे झाले ते चार माणसांच्या कचेरीचे सहज होऊ शकते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती पेट्या जगभर दूरवरून पुसल्या गेल्या. निर्मात्या कंपनीने त्यांच्या सॉफ्टवेअरची निगा २०१५ मध्येच थांबवली होती. पेट्या चालू होत्या, दिवे लुकलुकत होते आणि त्यांचा राखणदार सहा वर्षांपूर्वीच निघून गेला होता.

यावरचा उपाय गूढ नाही. संगणकाच्या जगात तो ‘३-२-१’ या नावाने सांगितला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. शिवाय ती दूरची प्रत जाळ्याला सतत जोडलेली नसावी आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून उघडून पाहावे. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर यांनी हे सूत्र न मांडता आचरले होते.

४. उद्याचा राजवाडे

वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांचे आयुष्य वाड्यावाड्यांतली दप्तरे धुंडाळण्यात गेले. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. राजवाड्यांना कागद सापडले ते कित्येकदा उपेक्षेतच, माळ्यावर पडलेले, अर्धे खाल्लेले. कागदाचा हा मोठा गुण की उपेक्षा तो बरीच वर्षे सोसतो. अर्धे पान उरले तर अर्धे वाचता येते.

डिस्कला हा गुण नाही. ती माळ्यावर पन्नास वर्षे टाकून नंतर वाचू म्हटले तर वाचता येईलच असा भरवसा कोणीही देणार नाही. डिस्क वाचली तरी लिपी वाचली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकित करीत होतो आणि प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा होता. आज ती फाइल त्या फाँटवाचून उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा पडतो. मराठी विभागांतले कितीतरी जुने प्रबंध आज या अवस्थेत आहेत. मोडी व्यवहारातून गेल्यावर घरोघरची दप्तरे मुकी झाली, त्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. संगणकावरच्या मराठीचे तसेच व्हावयास पंधरा-वीस वर्षे पुरली.

आता प्रश्न असा. भोसरीतल्या एका शेडमध्ये तीस वर्षे लेथ चालवणाऱ्या कारखान्याचा इतिहास २१२५ मध्ये कोणाला लिहावयाचा असेल तर त्याला काय सापडेल? कंपनी कायदा, २०१३ हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवावयास सांगतो. गुणवत्तेचे मानक भागाच्या आयुष्यापुढे एक वर्ष मागते. त्यानंतरचे कोणीच मागत नाही. मोठ्या कंपन्यांचे गौरवग्रंथ उरतील. परंतु हा पट्टा ज्यांनी उभारला त्या लहान शेडवाल्यांचे, सांगली-सोलापूर-मराठवाड्यातून आलेल्या कामगारांचे, त्यांच्या हजेरीपटांचे आणि पगारपत्रकांचे दप्तर त्या पेटीबरोबर भंगारवाल्याकडे जाईल. कुळकर्ण्याच्या वाड्याबद्दल जेवढे आपल्याला कळते तेवढेही या लोकांबद्दल पुढच्यांना कळणार नाही. आपल्या वाङ्मयाने कामगाराला नायक केले, पण त्याचा कागद जपण्याची तजवीज आपण अजून केलेली नाही.

हे काम केवळ तंत्रज्ञांचे आहे असे आम्ही मानत नाही. या परिसरातल्या महाविद्यालयांचे मराठी आणि इतिहास विभाग दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प देतात. त्यांपैकी काहींनी एकेका जुन्या कारखान्याकडे जावे, मालकाच्या संमतीने बंद पडलेल्या कामांच्या नोंदी मागाव्यात आणि त्या युनिकोडमधल्या साध्या मजकुरात किंवा पीडीएफमध्ये उतरवून ग्रंथालयात दुसरी प्रत ठेवावी. कामगारांची खासगी माहिती अर्थातच वगळावी किंवा ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवावी. सोबत पेटीत काय आहे याची एक यादी कागदावर लिहून ठेवावी, कारण डिस्क मेली तरी त्या यादीमुळे निदान काय गेले हे कळेल. घरच्या पेटीसाठीही एवढेच करता येईल. छायाचित्रांची एक प्रत भावाच्या किंवा बहिणीच्या घरी असावी, आणि पासवर्ड घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना ठाऊक असावा.

संताजी हे काही लेखनिक म्हणून नेमलेले नव्हते. घाण्यावरचे काम करून त्यांनी अभंग उतरून घेतले आणि त्यांच्या वंशजांनी ते न वाचताही कदाचित, पण टाकून न देता, सांभाळले. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आज तशा वह्यांची कमतरता नाही. त्या उतरून घेणारे हात मात्र आपल्याला आपल्या वर्गांतून शोधावे लागतील.