डोळ्यांपुढच्या माश्या आणि अंधत्वाचे भय

डोळ्यांपुढे तरंगणारे काळे ठिपके, तंतू आणि जाळ्या यांची नोंद वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांतही सापडते. मात्र 1500 वर्षांहून अधिक काळ ते येऊ घातलेल्या अंधत्वाची पहिली खूण मानले गेले, आणि हा समज भारतीय व ग्रीक-अरबी अशा दोन्ही परंपरांत रुजला होता.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील सातव्या अध्यायात दृष्टीच्या रोगांचे विवेचन आहे. डोळ्यात चार पटले, म्हणजे पडदे, आहेत असे मानून दोष एका पटलातून पुढच्या पटलात शिरतो तसतशी दृष्टी कशी बिघडत जाते, हे तेथे क्रमाने सांगितले आहे. दोष दुसऱ्या पटलात पोचला की रोग्याला माश्या, डास, केस, जाळी, वर्तुळे, पताका असे समोर नसलेले पदार्थ दिसू लागतात, दूरची वस्तू जवळ आणि जवळची दूर भासते, आणि कितीही प्रयत्न केला तरी सुईचे नेढे दिसत नाही. चौथ्या पटलात लिंगनाश, म्हणजे दृष्टी पूर्णपणे झाकली जाण्याची अवस्था येते. हे निरीक्षण विलक्षण बारकाईचे आहे. नेढे न दिसणे हे बहुधा भिंग धूसर होण्याचे लक्षण आणि माश्या दिसणे हे त्यामागच्या द्रवातील बदलाचे. पण डोळ्याच्या आत पाहण्याचे साधनच नसल्याने ही दोन लक्षणे एकाच व्याधीच्या पायऱ्या ठरली.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यालाही हाच पेच पडला होता. मोतीबिंदू म्हणजे बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये उतरून गोठलेला द्रव, अशी त्या काळची कल्पना असल्याने, डोळ्यांपुढे चिलटे दिसणे ही त्या द्रवाची सुरुवात समजली जाई. गॅलेनचे वेगळेपण असे की, अशी चिलटे पोटाच्या बिघाडानेही दिसतात हे सांगून त्याने रोग्याला विचारायचे प्रश्न ठरवून दिले: ती दोन्ही डोळ्यांत सारखीच दिसतात का, अपचन झाले की वाढतात का, आणि काही महिने उलटूनही बाहुली स्वच्छच राहिली आहे का. तसे असल्यास दोष पोटाचा ठरे आणि कोरफडीचे कडू औषध दिले जाई. कारण चुकीचे असले तरी, अशा प्रत्येक माणसाला अंधत्व येतेच असे नाही, हे त्याने ओळखले होते आणि त्याचे मोल कमी नाही.

या समजाचा पाया 1705 मध्ये ढासळला. मिशेल ब्रिसो या फ्रेंच वैद्याने तूर्ने येथे एका मृत सैनिकाच्या डोळ्याचे विच्छेदन केले, तेव्हा मोतीबिंदू म्हणजे खुद्द भिंगच अपारदर्शक झालेले असते, हे त्याला दिसून आले. उतरणारा द्रवच नाही म्हटल्यावर माश्या त्याच्या अग्रदूत कशा ठरणार? त्या नेमक्या कोठे असतात, हा प्रश्न मात्र उरलाच. फिलिप द ला ईर याने 1694 मध्येच स्थिर आणि हलणारे ठिपके वेगळे केले होते, परंतु हलणारे ठिपके त्याने भिंगापुढच्या जलाभ द्रवात मानले. डेव्हिड ब्रूस्टर याने 1843 मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यांची जागा भिंगामागे, काचाभ द्रवात, म्हणजे डोळ्याचा गोल भरून टाकणाऱ्या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थात दाखवली. रुंद बाहुलीतून अनेक दिशांनी येणारा प्रकाश बारीक कणाची सावली पुसून टाकतो, म्हणून स्पष्ट सावली पडायची तर कण दृष्टिपटलाच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मागच्या पडद्याच्या, अगदी जवळ असावा लागतो. उजळ आकाशाकडे पाहताना ठिपके ठळक दिसतात, कारण तेव्हा बाहुली आकुंचन पावते आणि सावल्यांच्या कडा रेखीव होतात. पुढे 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ याने नेत्रदर्शकाची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा अंतर्भाग वैद्याला प्रत्यक्ष पाहता येऊ लागला.

काचाभ द्रवात सुमारे 98 टक्के पाणी असते. उरलेल्या भागात कोलॅजेनचे सूक्ष्म तंतू आणि हायलुरोनिक आम्ल हे मुख्य घटक असून, यातील दुसरा घटक कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये गुरांच्या डोळ्यांतून वेगळा काढला. वयोमानाने हा जेल पातळ होतो, तंतू एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात आणि त्यांच्याच सावल्या माश्यांसारख्या दिसतात. लघुदृष्टी असलेल्यांमध्ये हा बदल लवकर घडतो. कालांतराने आकसलेला जेल दृष्टिपटलापासून सुटतो, तेव्हा एकाएकी नवे ठिपके दिसू शकतात. बहुतेकांना त्यापासून अपाय होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र सुटताना बसलेल्या ओढीने दृष्टिपटल फाटते, आणि त्या छिद्रातून द्रव मागे शिरल्यास पटल निखळते.

प्राचीनांच्या भयात तथ्य होते ते एवढेच, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत निखळलेल्या पटलावर खात्रीचा इलाजही नव्हता. लोझानच्या झ्यूल गोनँ याने छिद्र हेच मूळ कारण असल्याचे दाखवले आणि ते शोधून बंद करण्याची शस्त्रक्रिया 1920 च्या दशकात रूढ केली. म्हणूनच वर्षानुवर्षे तरंगणाऱ्या एखाददुसऱ्या ठिपक्याची धास्ती घेण्याचे कारण नसले, तरी ठिपक्यांचा अचानक वर्षाव झाला, प्रकाशाच्या चमका दिसल्या किंवा नजरेच्या कडेने काळा पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून डोळा तपासून घ्यावा.