लसीकरण आणि वयोमान

कुटुंबातील कोणाला, कोणत्या वयात व किती वेळा लस टोचावी, याविषयीच्या कल्पना गेल्या दोन शतकांत बऱ्याच बदलल्या. एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) यांनी १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास गायीच्या देवीची लस टोचली. भारतातील पहिली यशस्वी टोचणी १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाली. बसऱ्याहून आलेली ही लस पुढे एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर नेली जाई; म्हणजे बालके लसीची वाहकही होती.

एकदा टोचल्यावर जन्मभर संरक्षण मिळते, ही जेन्नर यांची समजूत टिकली नाही. बालपणी लस घेतलेल्या प्रौढांनाही देवी येऊ लागल्या. म्हणून जर्मनीने १८७४ च्या कायद्याने बालपणीच्या टोचणीबरोबरच बाराव्या वर्षीची पुनर्टोचणी सक्तीची केली. भारतातील १८८० च्या कायद्याचा भर बालकांच्या पहिल्या टोचणीवर होता. तो लागू असलेल्या ठिकाणी सहा महिन्यांवरील मुलांना टोचणे बंधनकारक होते. मात्र ही सक्ती मुलग्यांना चौदा वर्षांपर्यंत, तर मुलींना आठच वर्षांपर्यंत होती. रोग असा भेद करीत नसे.

धनुर्वाताच्या लसीने वेगळीच दृष्टी दिली. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्यास नवजात अर्भकास धनुर्वात होतो आणि तो बहुधा प्राणघातक ठरतो. जन्मानंतर टोचून उपयोग नसतो. तेवढा अवधीच उरत नाही. गर्भवतीस टोचल्यास तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. म्हणून भारतात १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात अर्भकांबरोबर गर्भवतींनाही स्थान मिळाले. स्वच्छ प्रसूतीची जोड लाभून २०१५ मध्ये माता व नवजातांमधील धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. रूबेलाची लस तर पुढच्या पिढीचाही विचार करून दिली जाते. हा रोग मुलांत सौम्य असतो. पण गर्भवतीस झाल्यास अर्भक अंध, बधिर किंवा हृदयदोषी जन्मू शकते.

घटसर्प व धनुर्वात यांविरुद्धची प्रतिकारक्षमता कालांतराने ओसरते. त्यामुळे राष्ट्रीय वेळापत्रकात दहाव्या व सोळाव्या वर्षीही मात्रा आहेत. वृद्धांकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्षच झाले. वाढत्या वयात प्रतिकारक्षमता मंदावते. इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोनिया त्यांना अधिक घातक ठरतात. कोविड-१९ च्या साथीत, १ मार्च २०२१ पासून, साठ वर्षांवरील नागरिकांना देशव्यापी मोहिमेत तरुणांच्या आधी लस देण्यात आली.