गाणं उघडून बघा

मोबाइल घरीच ठेवा. तिथे त्याला रेंज नाही, आणि कुणाला दाखवलात तर हे काय आहे ते समजावण्यातच दिवस जाईल. स्वेटर मात्र दोन घ्या. तुम्ही निघालाय जानेवारी १९९३ मध्ये, उत्तर फिनलंडमधल्या ओउलू शहरात. दुपारचे तीन वाजलेत आणि दिवेलागण झालीसुद्धा. तुमचं वय सोळा. आत्ताच शाळेतून आलात, बर्फाचे बूट दाराशी काढलेत, आणि कोट न काढताच संगणकासमोर बसलात.

गाण्याच्या क्लासला तुम्ही कधी गेला नाहीत. घरात पियानो नाही. टेबलावर आहे अमिगा ५००: जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात संगणक, आणि उजव्या कुशीत फ्लॉपी ड्राइव्ह. ड्राइव्ह रिकामा असला की ठरावीक वेळाने ‘टक्’ करतो. डिस्क मिळेपर्यंत गप्प बसत नाही. द्या त्याला डिस्क.

पडद्यावर प्रोट्रॅकर आला. ही सुरांची वही आहे, पण आडवी नाही, उभी. चार रकाने, चौसष्ट ओळी. गाणं चालू केलं की ओळी खालून वर सरकतात आणि मधल्या पट्टीवर जी ओळ येईल ती वाजते. सूर भरायला याच कीबोर्डची बटणं. खालच्या रांगेत झेड म्हणजे सा धरा, एक्स रे, सी ग. त्यांच्या वरच्या एस आणि डीवर कोमल रे, कोमल ग. तुमच्या बोटांना हे इतकं सवयीचं झालंय की मराठीच्या तासाला निबंध लिहावा तसे तुम्ही सूर टाइप करता. (मराठीचा नाही, फिनिशचा. चुकून इकडचंच तोंडात आलं.)

रकाने चारच का? अमिगातली पॉला नावाची चिप एका वेळी चारच आवाज काढू शकते, तेही ८ बिटांचे: दोन डाव्या कानाला, दोन उजव्या. १९८७ मध्ये जर्मनीतल्या कार्स्टन ओबार्स्कीने या चिपसाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ लिहिला. तो विकायचा म्हणून बाजारात आला, फारसा चालला नाही. मग पोरांनी तो फोडला, दुरुस्त केला, वाढवला आणि फुकट वाटला. त्यातून १९८९ मध्ये स्वीडनच्या महोनी आणि काक्टस या जोडगोळीचा नॉइजट्रॅकर आला, मग प्रोट्रॅकर. तुमच्या फ्लॉपीवर आलाय तो असा हातोहात.

आता खरं काम. मोडेम चालू करा. वेग २४०० बिट्स. याच शहराच्या विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं, जगभरच्या गप्पांचं ते दार. पण तुम्ही शाळकरी, तुमच्याकडे विद्यापीठाचं खातं कुठलं? तुमच्यासाठी बीबीएस आहे, म्हणजे कुणाच्या तरी खोलीतला एक संगणक आणि त्याला जोडलेली फोनची एक लाइन. एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन. पाच-सहादा फिरवून लागला. कर्र-खर्र-टींग झालं, आणि यादी आली: नवी गाणी.

दीडशे किलोबाइटचं एक निवडलंत. साडेदहा मिनिटं लागणार. सातव्या मिनिटाला आईने दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला आणि लाइन तुटली. ओरडू नका तिच्यावर. झेडमोडेम आहे, जिथे तुटलं तिथून पुढे येईल. फक्त आता मावशीचा फोन संपेपर्यंत थांबा.

मिळालं. ऐकलंत, पुन्हा ऐकलंत. बासच्या खाली ढोलकीसारखा काहीतरी ठेका आहे आणि वर एक सुरावट थरथरते आहे, एकाच वेळी तीन सूर वाजल्यासारखी. पण रकाने तर चारच! मग तुम्ही जे करता ते त्या काळातल्या कुठल्याही कॅसेटशी, रेडिओशी करता आलं नसतं. गाणं थांबवून तुम्ही ते उघडता. कारण ट्रॅकरमध्ये बनवलेलं गाणं ही गाण्याची ध्वनिमुद्रित प्रत नसते. वाद्यांचे नमुने आणि सगळे सूर त्याच फाइलमध्ये, उघडे. चौसष्ट ओळींचं एक पान बरोब्बर एक किलोबाइटचं, नेहमीच्या लयीत साडेसात सेकंदांच्या वर थोडं वाजणारं. बाकी सगळा भार वाद्यांचा.

तिसऱ्या रकान्यात सुरापुढे लिहिलंय ०४७. हीच ती चलाखी. ही आज्ञा दिली की चिप मूळ सूर, त्याच्या वरचा चौथा आणि सातवा (कोमल-तीव्रही मोजून) असे तीन सूर आळीपाळीने वाजवते, प्रत्येक सूर सेकंदाचा पन्नासावा भाग. सा, शुद्ध ग, प. कानाला ते फिरणं वेगळं कळत नाही, एक झिणझिणता पुंज ऐकू येतो. चारच्या जागी तीन लिहिलात, ०३७, की गंधार कोमल झाला आणि सगळ्या गाण्याचा चेहरा उतरला. पहिल्या रकान्यात बास आणि ढोल एकाच घरात राहतात: ढोल पडतो त्या ओळीला बास गप्प, आणि पुढच्या ओळीला तो परत येतो. कानाला वाटतं, तो मधे थांबलाच नव्हता.

घराण्याच्या चिजा शागिर्दालाही पुऱ्या न देणारे उस्ताद आपण ऐकलेत. भातखंड्यांनी त्या गोळा करून स्वरलिपीसकट छापल्या तेव्हा कितीजणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इथे कुलूपच नाही. या पोरांबद्दल ‘कुणी शिकवलं नाही, आपले आपण शिकले’ म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. कुणी समोर बसवून शिकवलं नाही, हे खरं. पण प्रत्येक गाण्याने आपली आतली बाजू दाखवली.

आणि वाद्यांची यादी वाचायला विसरू नका. एकतीस वाद्यं, प्रत्येकाच्या नावाला बावीस अक्षरांची जागा. नावं कोण लिहितंय! त्या जागेत पत्र लिहिलंय. अमक्या टोपणनावाला सलाम, तमक्याने डिस्क परत पाठवलेली नाही, हा बास रात्री दोनला केला, आवडलं तर कळवा. खाली टपालाचा पत्ता. कारण मोडेम सगळ्यांकडे नाही. कित्येकांचा व्यवहार पाकिटातून फ्लॉप्या पाठवून चालतो. तिकिटांवर गोंदाचा थर दिलेला असतो, म्हणजे टपालाचा शिक्का पाण्याने पुसता येतो, आणि पत्रात शेवटी विनंती: तिकिटं परत पाठव. टपालखात्याला हे पटणार नाही. आपण बघितलं नाही असं करू.

एवढं घेतलंत, आता बीबीएस हिशोब मागतोय. नुसतं घेत राहिलात तर दार बंद. काही तरी द्यावंच लागतं. तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे? मग जिन्याचं लोखंडी दार आपटून त्याचा आवाज सॅम्पलरने पकडलात, सेकंदाला जेमतेम आठ किलोबाइट, आणि तो दोन सप्तक खाली आणून ढोल केलात. दुसऱ्याची वाद्यं उचलली तर कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्याची चाल उचलून आपली म्हणाल तर मात्र ‘लेमर’ हा शिक्का बसतो, आणि तो पाण्याने पुसला जात नाही. तीन आठवडे झिजून गाणं केलंत. टोपणनाव घातलंत. चढवलंत.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तुमच्या नावाने एक फाइल आली. चिठ्ठी नाही, तुमचंच गाणं. उघडलंत तर दिसलं: बासच्या वाद्याचं फाइनट्यून कुणीतरी दोन घरं वर नेलंय, कारण तो किंचित उतरलेला होता आणि तुमच्या कानाला ते कळलं नव्हतं. दुसऱ्या पानावर पस्तिसाव्या ओळीपासून एक नवी सुरावट भरलीय, त्यात ३ नंबरची आज्ञा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळजवळ मींड. आणि रिकाम्या बावीस अक्षरांत: दार झकास.

त्या रात्री तुम्ही झोपला नाहीत, हे सांगायला नको.

जुलैच्या अखेरीला दक्षिणेची गाडी पकडा. केरावा इथे ‘असेम्ब्ली’ हा संगणकवाल्या पोरांचा स्पर्धा-मेळावा भरलाय. अमिगावाली पोरं अजून तोऱ्यात आहेत; पीसी म्हणजे ऑफिसात हिशेब करायचं यंत्र, त्यावर बीप वाजतो. मग पडद्यावर फ्यूचर क्रू या गटाचं पीसीवरचं चित्र-संगीताचं प्रात्यक्षिक ‘सेकंड रिअॅलिटी’ येतं. त्याचं संगीत दोन जणांचं: स्कावेन आणि पर्पल मोशन. तुमच्या शेजारचा अमिगावाला तोंड उघडं ठेवून बघतोय. पीसीच्या स्पर्धेतलं पहिलं बक्षीस ‘सेकंड रिअॅलिटी’लाच जातं. पुढच्या वर्षी याच गटाने आपला स्क्रीम ट्रॅकर ३ फुकट वाटला आणि वाद संपला, निदान ज्यांच्याकडे पीसी घ्यायला पैसे होते त्यांचा.

सोळा वर्षं पुढे उडी मारा. १२ सप्टेंबर २००९, कलोन, फिलहार्मोनिक सभागृह. रेडिओचा अख्खा ऑर्केस्ट्रा आणि कोरस, व्हिडिओ गेमच्या संगीताची मैफल, ‘सिम्फॉनिक फँटसीज’. वाद्यमेळाची मांडणी योन्ने वाल्टोनेनची. पर्पल मोशन तोच. आता त्याच्या हाताशी चार रकाने नाहीत, तरी बारकाईने ऐका: मोकळी जागा दिसली की तो तिथे काही ना काही भरतोच, बहुधा जुनी सवय.

परत आलात? मग संध्याकाळचा तासभर काढा. मॉड आर्काइव्ह हे अशा गाण्यांचं भांडार १९९६ पासून चालू आहे. ओपनएमपीटी हा आजचा ट्रॅकर फुकट मिळतो आणि तीस वर्षांपूर्वीची फाइल विनातक्रार उघडतो. कुठलंही चार रकान्यांचं गाणं घ्या, ०४७ शोधा, त्याचं ०३७ करा आणि वाजवा. ढोलाला सध्या हात लावू नका.