‘पोर’ म्हणजे कोण? अर्थ, रूपं आणि रोजच्या बोलण्यातला वापर

गावच्या कबड्डी संघाचा व्हिडिओ असो किंवा कॉलेजच्या ढोलपथकाचा, खाली एक प्रतिक्रिया हमखास दिसते : ‘पोरांनी मैदान मारलं!’ या ‘पोरां’पैकी काहींची लग्नं झालेली असतात, काहींना मुलंही असतात. दुसरीकडे, पाळण्यातल्या बाळालाही ‘पोर झोपलंय’ असंच म्हणतात. मग ‘पोर’ म्हणजे नेमकं किती वर्षांचं?

मूळ अर्थ

‘पोर’ म्हणजे मूल, अपत्य. ‘ते पोर’ म्हटलं की मुलगा किंवा मुलगी कोणीही असू शकतं. त्याचं अनेकवचन ‘पोरं’. ‘ती पोर’ म्हणजे मुलगी, अनेकवचन ‘पोरी’. ‘पोरगा’, ‘पोरगी’ आणि ‘पोरगं’ ही याच शब्दाची बोलण्यातली रूपं.

यावरून बरेच शब्द तयार झाले आहेत :

• पोरकट – वयाला न शोभणारं, बालिश
• पोरखेळ – गांभीर्य नसलेलं काम
• पोरसवदा – कोवळ्या वयाचा किंवा तसा दिसणारा
• पोरवडा – घरातली पुष्कळ मुलं
• पोरीबाळी – घरातल्या, गावातल्या मुली

कुठे काय म्हणतात?

विदर्भात ‘पोट्टा’, ‘पोट्टी’, ‘पोट्टे’ ऐकू येतं. मराठवाड्यात ‘लेकरू’ आणि ‘लेकरं’ जास्त चालतं. अहिराणीत मुलाला ‘पोऱ्या’ म्हणतात, तर मालवणीत मुलग्याला ‘झील’ आणि मुलीला ‘चेडू’.

आपुलकी की हेटाळणी?

‘पोर’ हा शब्द वयापेक्षा बोलणाऱ्याचं नातं जास्त सांगतो. आईसाठी पन्नाशीचा मुलगाही ‘माझं पोर’च असतो. मित्रांच्या टोळीत ‘चला पोरांनो’ म्हणणारा स्वतःला त्यांच्यातलाच एक मानतो. ‘आपली पोरं’ या शब्दांत अभिमान असतो.

पण तोच शब्द अनोळखी माणसानं वापरला की सूर बदलतो. ‘कालची पोरं आम्हाला शिकवणार?’ या वाक्यात समोरच्याचा मुद्दा न ऐकताच बाजूला सारलेला असतो. बैठकीत सहकारी महिलेचा उल्लेख ‘ती पोरगी’ असा केला, तर तिचं शिक्षण, पद आणि अनुभव एका शब्दात झाकला जातो. ‘पोरटा’ आणि ‘पोरटी’ हे तर उघड तुच्छतेचे शब्द आहेत.

कायद्यात मात्र वय मोजलं जातं

बोलताना वय सैल सोडता येतं, कायद्यात नाही. बालन्याय कायदा, २०१५ आणि पॉक्सो कायदा, २०१२ यांनुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ आहे. मतदानाचा हक्कही १८ व्या वर्षी मिळतो. १९८९ पूर्वी ही अट २१ वर्षांची होती. राष्ट्रीय युवा धोरण, २०१४ मध्ये ‘युवा’ म्हणजे १५ ते २९ वर्षं असा गट धरला आहे. म्हणजे सोळा वर्षांची व्यक्ती एकाच वेळी कायद्यानं बालक आणि धोरणानुसार युवा असते.

हा फरक सगळ्यात जास्त बोचतो तो ‘पोऱ्या’ या शब्दात. हॉटेलात किंवा टपरीवर कपबशा उचलणाऱ्याला सर्रास ‘ए पोऱ्या’ अशी हाक मारली जाते. तो वीस वर्षांचा असेल किंवा अकरा. हाकेवरून कळत नाही. ढाबे, हॉटेलं आणि घरकामात १४ वर्षांखालील मुलांना ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं घरचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र असे मोजके अपवाद सोडून ती सर्वच कामांना लागू केली. ‘पोऱ्या’ शब्द कानाला इतका सवयीचा झाला आहे, की त्यामागचं मूल डोळ्यांना दिसत नाही. असं मूल कामावर दिसल्यास १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवता येतं.

थोडक्यात

घरात, मित्रांत, गावात ‘पोरं’ हा मायेचा शब्द आहे. बातमी, अर्ज किंवा कार्यालयीन बोलण्यात ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘तरुण’, ‘तरुणी’ हे शब्द योग्य. आणि जिथे वयावर हक्क किंवा गुन्हा ठरतो, तिथे ‘पोर’ न म्हणता सरळ वयाचा आकडा लिहावा.