कॅसेट जपण्याचे दिवस

कॅसेट जगापुढे आली ती १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. फिलिप्स कंपनीने ती मांडली. आमच्या घरी टेपरेकॉर्डर यायला १९८९ ची दिवाळी उजाडली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. फीत गुंतली तर ओढायची नाही, पेन्सिलीने हळू गुंडाळायची. फितीची तपकिरी भुकटी हेडला चिकटून आवाज घोगरा होई. मग वडील कापसाला स्पिरिट लावून ते पुसत. स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ कॅसेट ठेवायला सक्त मनाई, कारण आवाज पुसट होतो.

एवढे पाळूनही एक राहिलेच. कॅसेटच्या पाठच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, बाजूला एकेक. ते मोडले म्हणजे तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. १९९२ साली आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही भरून घेतल्या. तुकडा मोडायचे काम माझे; मी विसरले. पुढे धाकट्या भावाने तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. आजी तोवर गेली होती. भावाला मी नाही नाही ते बोलले. स्वतःची चूक मात्र सांगितली नाही. भावजय आपल्याच मंडळात आहे, तेव्हा आता कळेलच.

शेवटच्या गाण्यानंतर आजीची दीड ओवी उरली आहे.